वाचनातील अर्थग्रहण आणि ‘कशावरून?’ हा प्रश्न

इयत्ता चौथीतील एखादा विद्यार्थी पाठ वाचावयास उभा राहतो. त्याचे उच्चार स्वच्छ असतात, जोडाक्षरांपाशी तो अडखळत नाही, स्वल्पविराम व पूर्णविराम व्यवस्थित पाळतो. वाचन संपल्यावर शिक्षक पाठावर एक प्रश्न विचारतात. विद्यार्थी प्रश्नातील एखादा ठळक शब्द धरतो, तो शब्द पानावर कोठे आहे हे बोटाने शोधतो आणि ती ओळ जशीच्या तशी वाचून दाखवितो. उत्तर बहुधा बरोबर निघते. परंतु ‘असे का झाले असावे?’ एवढाच प्रश्न पुढे केला, की बोट पानावर नुसतेच फिरत राहते. ज्या ओळीचा शोध चालू असतो, ती ओळ पानावर नसतेच.

अशा विद्यार्थ्याचे वाचन पुरे झाले असे समजून त्याला पुढच्या इयत्तेत पाठविले जाते. त्याची उणीव लवकर लक्षात येत नाही, कारण अडखळत वाचणारे मूल चटकन नजरेत भरते, तर सफाईने वाचणाऱ्या मुलाकडे पाहून वर्ग समाधान पावतो. इतिहास, परिसर अभ्यास व गणितातील शाब्दिक उदाहरणे यांचा भार वाढू लागला, म्हणजे मात्र हेच मूल मागे पडते आणि ‘मुलगा हुशार होता, पुढे अभ्यासात लक्ष राहिले नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः त्याला अक्षरांवरून शब्दाकडे जाण्यास शिकविले गेले होते. शब्दांवरून अर्थाकडे कसे जावे, हे मात्र कोणी दाखविलेले नव्हते.

राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० आणि ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेले ‘निपुण भारत’ अभियान यांनी इयत्ता तिसरीच्या अखेरपर्यंत प्रत्येक मुलास समजपूर्वक वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेविले आहे. त्यातील ‘समजपूर्वक’ या शब्दाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अनुमान म्हणजे काय

लेखक सर्वच गोष्टी लिहीत नाही. काही लिहितो व बाकीच्या वाचकावर सोपवितो. ‘बाबांनी पाय धुतले आणि ते पाटावर बसले’ असे वाचताच बाबा बाहेरून आले आहेत व आता जेवणार आहेत, हे जाणत्या वाचकास समजते. वाक्यात ‘बाहेरून’ हा शब्द नाही, ‘जेवण’ हा शब्दही नाही. लिहिलेल्या खुणा आणि स्वतःजवळचे ज्ञान यांचा मेळ घालून न लिहिलेली गोष्ट जाणणे, यास अनुमान म्हणावे. अनुमानावाचून कोणताही मजकूर, मग तो गोष्टीचा असो वा माहितीचा, पुरता समजू शकत नाही.

ही शक्ती मुलांस नव्याने द्यावी लागत नाही. गुरे राखणारा मुलगा खुरांच्या ठशांवरून गाय कोणत्या बाजूला गेली ते सांगतो. घरात पाऊल टाकताच वासावरून आज काय शिजले आहे हे मुलीला कळते. आईच्या हाकेतील स्वरावरून ती रागावली आहे की काम सांगणार आहे, हे तीन वर्षांचे मूलही ओळखते. शितावरून भाताची परीक्षा करण्याची रीत प्रत्येक स्वयंपाकघरात चालते. शाळेबाहेर दिवसभर अनुमाने करणारे हे मूल पुस्तक उघडताच थांबते. कारण पुस्तकातील उत्तर पुस्तकातील शब्दांतच द्यावयाचे असते, अशी त्याची समजूत झालेली असते. ती समजूत दूर करणे, हे शिक्षकाचे पहिले काम होय.

न्यायशास्त्रातील एक उपयुक्त चर्चा

अनुमानाचा विचार आपल्याकडे फार प्राचीन आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले असून त्यांवरील भाष्यात वात्स्यायनाने साधी, रोजच्या अनुभवातील उदाहरणे घेतली आहेत. आकाशात ढग दाटलेले पाहून पाऊस पडेल असे जाणणे, हे कारणावरून कार्याचे अनुमान. नदीचे पाणी फुगलेले पाहून वरच्या अंगास पाऊस झाला असे जाणणे, हे कार्यावरून कारणाचे अनुमान. कृष्णेच्या किंवा गोदावरीच्या काठावरील मुलांस हे दुसरे उदाहरण समजावून सांगण्याचीही गरज नाही.

शिक्षकास अधिक उपयोगी पडेल तो भाग याच्या पुढचा आहे. अनुमान भरवशाचे नाही, असा आक्षेप न्यायसूत्रांतच मांडला आहे. नदी पावसावाचूनही फुगते, कारण खाली कोणी बांध घातलेला असू शकतो. अंडी घेऊन चाललेल्या मुंग्या पाहून पाऊस येणार असे म्हणावे, तर त्यांचे वारूळच कोणी मोडलेले असते. मोराचा केकारव ऐकून मोर जवळ आहे असे म्हणावे, तर एखादा माणूस तसा आवाज काढीत असतो. या आक्षेपास दिलेले उत्तर असे, की येथे दोष अनुमानाचा नसून अपुरी खूण पुरेशी मानणाऱ्याचा आहे. पावसाने आलेल्या पुराला वेग असतो, पाण्यावर फेस असतो, फळे, पाने व लाकडे वाहत येतात. एवढ्या खुणा पाहून जो बोलतो तो फसत नाही.

वर्गातील वाचनाला हीच कसोटी लावता येते. मुलाने अनुमान करावे, परंतु त्याची खूण दाखवावी. एका खुणेवर न थांबता दुसरी शोधावी. आणि याहून वेगळे काही संभवते काय, हेही पाहावे. हे सारे ‘कशावरून?’ या एका प्रश्नात सामावते.

मराठी वाक्यातील खुणा

खूण दाखवा असे म्हणताना, खुणा कोठे असतात हेही मुलांस दाखविले पाहिजे. मराठी भाषा या बाबतीत संपन्न आहे. तिच्यातील लहानसहान अव्यये व प्रत्यय पुष्कळ अर्थ वाहून नेतात आणि मुले नेमकी तीच ओलांडून पुढे जातात.

‘तो आजही आला नाही’ या वाक्यातील ‘ही’ सांगतो, की तो काल आला नव्हता आणि आज येईल अशी कोणाची तरी अपेक्षा होती. ‘अखेर पत्र आले’ यातील ‘अखेर’ पुष्कळ दिवसांची वाट पाहणे सांगतो. ‘गुरुजी आले’ व ‘शिपाई आला’ यांतील क्रियापदांवरून बोलणाऱ्याच्या मनातील आदर कळतो. ‘पाणी घेऊन आली’ एवढ्यावरून आणणारी स्त्री किंवा मुलगी आहे हे नाव न सांगता समजते. ‘आम्ही जत्रेला जाणार’ असे कोणी म्हटले तर ऐकणारा घरी राहणार आहे. ‘आपण जत्रेला जाणार’ म्हटले तर तोही निघणार आहे. संवादात ‘अरे’, ‘अगं’, ‘अहो’ यांपैकी कोणते संबोधन आले यावरून कोण कोणाशी बोलत आहे याचा पुष्कळसा उलगडा होतो. ‘पण’, ‘तरी’, ‘मात्र’, ‘म्हणून’ ही अव्यये दोन वाक्यांचे नाते सांगतात. ‘पाऊस होता तरी तो गेला’ आणि ‘पाऊस होता म्हणून तो गेला’ या दोन वाक्यांतील माणसे सर्वस्वी भिन्न हेतूंची आहेत.

व्याकरणाचा तास आणि वाचनाचा तास यांची येथे सहज गाठ पडते. अव्ययांच्या व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी ‘हा शब्द काढून टाकला तर काय हरवेल?’ असे विचारल्यास व्याकरणही कळते व वाचनही सुधारते.

एक नमुना पाठ

पुढील उतारा फळ्यावर लिहून घ्यावा.

‘दिवेलागण झाली. आईने भाताचे पातेले चुलीवरून उतरविले आणि पुन्हा एकदा दारात येऊन रस्त्याकडे पाहिले. दत्तूची छत्री खुंटीवरच होती. ओढ्याचा आवाज आता घरात ऐकू येऊ लागला होता. भात निवत चालला. आईने धाकटीला शेजारच्या काकूंकडे बसविले, कंदील घेतला आणि ती ओढ्याच्या वाटेने निघाली.’

या उताऱ्यात पाऊस, पूर, उशीर, काळजी यांपैकी एकही शब्द नाही. तरी उतारा या चारही गोष्टींविषयी आहे. मुलांनी तो प्रथम मनात वाचावा, नंतर एकाने प्रकट वाचावा. त्यानंतरचे प्रश्न चार पायऱ्यांनी विचारावे.

पहिली पायरी ओळीत असलेल्या उत्तराची. ‘दत्तूची छत्री कोठे होती?’ हा प्रश्न सर्वांस सुटतो व मागे पडणाऱ्या मुलास धीर येतो.

दुसरी पायरी दोन ओळी जोडण्याची. ‘आईने रस्त्याकडे पहिल्यांदाच पाहिले काय?’ ‘नाही.’ ‘कशावरून?’ ‘पुन्हा एकदा असे लिहिले आहे.’ ‘ओढ्याचे पाणी वाढले की उतरले?’ ‘वाढले.’ ‘कशावरून?’ ‘आवाज आता ऐकू येऊ लागला, म्हणजे आधी येत नव्हता.’ अशी उत्तरे येऊ लागली, की मुले ओळीच्या आत पाहू लागली असे समजावे.

तिसरी पायरी स्वतःच्या अनुभवाची जोड देण्याची. दिवस पावसाळ्याचे आहेत हे छत्री व ओढा या दोन खुणा एकत्र केल्यावर कळते. ‘खुंटीवरच’ यातील ‘च’ सांगतो की ती छत्री तेथे असावयास नको होती, ती दत्तूबरोबर असावयास हवी होती. आई कंदील घेऊन निघाली, म्हणजे परतताना अंधार होईल हे तिने जाणले. धाकटीला तिने बरोबर नेले नाही, म्हणजे वाट लहान मुलास नेण्याजोगी राहिलेली नाही. तिच्या मनात काय चालले असेल, हे आता मुले आपण होऊन सांगतील.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. ‘दत्तूचे वडील कोठे होते?’ असे विचारावे. काही मुले शेतावर म्हणतील, काही मुंबईला म्हणतील. ‘कशावरून?’ असे विचारताच खूण सापडत नाही. ‘उताऱ्यावरून सांगता येत नाही’ हे येथे बरोबर उत्तर आहे, आणि ते देण्यास मुलांनी कचरू नये. ‘दत्तू या मुलीचा मोठा भाऊ असेल काय?’ या प्रश्नास मात्र ‘धाकटी’ हा शब्द आधार देतो. घरात कोणी तरी थोरले मूल आहे. तो दत्तूच असावा हे संभवनीय आहे, पण निश्चित नाही. ‘आहे’, ‘असावा’ आणि ‘सांगता येत नाही’ या तीन उत्तरांतील भेद ज्या मुलास कळला, त्याच्या वाचनात मोठी सुधारणा झाली असे म्हणावयास हरकत नाही.

चुकीच्या उत्तराचा उपयोग

एखादे मूल म्हणेल, ‘दत्तू वाहून गेला.’ दुसरे म्हणेल, ‘आई पाणी आणावयास गेली.’ अशा वेळी ‘चूक, बस खाली’ म्हणणे सोपे असते. पण त्या शब्दांबरोबर मुलाचा विचारही खाली बसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मुलांच्या वाचनातील चुकांचे बारकाईने परीक्षण केले. वाचन हे एक प्रकारचे तर्ककार्यच आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. चूक पुष्कळदा अशी घडते, की मूल एका शब्दास फाजील वजन देते आणि दुसऱ्या शब्दास द्यावे तेवढे देत नाही. वरील दोन्ही उत्तरांत ओढ्याला सारे वजन मिळाले आहे. पहिल्या मुलास ‘ही गोष्ट कोणत्या ओळीत दिसते?’ असे विचारावे. दुसऱ्यास ‘पाणी आणावयास जाणारी बाई हातात काय घेते?’ असे विचारावे. कंदील आहे, घागर नाही, हे त्याच्या त्यालाच दिसेल. चूक अशा रीतीने सुधारली, म्हणजे मुलास बरोबर उत्तराबरोबर ते शोधण्याची वाटही मिळते.

प्रश्न विचारणे म्हणजे शिकविणे नव्हे, हेही येथे ध्यानात ठेवावे. डोलोरेस डर्किन या संशोधिकेने अमेरिकेतील चौथीच्या वर्गांतील वाचनाच्या तासांचे निरीक्षण करून १९७८-७९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिक्षक प्रश्न पुष्कळ विचारीत होते, परंतु अर्थापर्यंत कसे पोचावे हे प्रत्यक्ष शिकविण्यात एकूण वेळेच्या एक टक्काही वेळ जात नव्हता. प्रश्नांनी परीक्षा होत होती, अध्यापन होत नव्हते. यास्तव प्रारंभीच्या काही पाठांत शिक्षकाने स्वतःचा विचार मोठ्याने बोलून दाखवावा. ‘येथे च आला आहे. मला वाटते, छत्री न्यावयास विसरला असावा. पुढे ओढ्याचा उल्लेख आला. म्हणजे माझे म्हणणे पटते असे दिसते.’ सुताराचा मुलगा रंधा धरावयास जसा बापाचा हात पाहून शिकतो, तसा विचार कसा करावा हे मूल शिक्षकाचा विचार ऐकून शिकते.

ज्ञानाची शिदोरी

अनुमानास दोन गोष्टी लागतात असे वर म्हटले आहे : मजकुरातील खूण आणि वाचकाजवळचे ज्ञान. दुसरी नसेल तर पहिली कितीही स्पष्ट असून उपयोग नाही. १९८८ साली रेख्ट व लेस्ली या दोघी संशोधिकांनी अमेरिकेतील सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांस बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचावयास दिले. वाचनात कच्ची गणलेली, पण खेळ चांगला जाणणारी मुले ही वाचनात पक्की, पण खेळाविषयी अनभिज्ञ असलेल्या मुलांपेक्षा मजकूर अधिक चांगला सांगू शकली. कबड्डीच्या सामन्याचे वर्णन आपल्या वर्गात देऊन पाहिल्यास, एरवी मागे बसणारी काही मुले किती पुढे येतात याचा अनुभव कोणत्याही शिक्षकास घेता येईल.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पाठ सुरू करण्यापूर्वी त्यातील अपरिचित वस्तूंची ओळख करून दिली पाहिजे. मोट, जाते, कंदील या वस्तू आज पुष्कळ मुलांनी पाहिलेल्या नसतात. मराठवाड्यातील मुलास भरती-ओहोटी ठाऊक नसते, तर शहराच्या कडेला वाढलेल्या मुलास खळे ठाऊक नसते. खळे म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्याने ‘खळे झाले’ या शब्दांवरून शेतकरी सुखावला असेल असे अनुमान करावे, ही अपेक्षा अन्यायाची होय. दुसरी गोष्ट अशी, की परिसर अभ्यास, इतिहास, विज्ञान यांचे प्रत्येक चांगले अध्यापन हे वाचनाचेही अध्यापन आहे. ज्ञानाची शिदोरी जितकी मोठी, तितकी वाचनाची मजल लांब.

घरी अहिराणी, मालवणी, भिली, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांविषयी विशेष काळजी घ्यावी. अशा मुलास पाठ समजलेला असतो, पण ग्रांथिक मराठीत उत्तर मांडता येत नाही. त्याने ‘कशावरून’चे उत्तर प्रथम घरच्या बोलीत द्यावे व मग वर्गाने मिळून ते पाठाच्या भाषेत आणावे. विचार आणि भाषा या दोन अडचणी एकाच वेळी त्याच्या डोक्यावर देऊ नयेत.

वर्गात करावयाच्या गोष्टी

१. आठवड्यातून निदान दोनदा पाच-सहा ओळींचा उतारा घेऊन वरील चार पायऱ्यांनी पंधरा-वीस मिनिटे काम करावे. लांब उताऱ्यापेक्षा लहान उतारा व सखोल चर्चा अधिक हितावह ठरते.

२. द्विशिक्षकी शाळांत एका इयत्तेस शिक्षक शिकवीत असता दुसऱ्या इयत्तेतील मुलांच्या जोड्या कराव्या. एकाने प्रश्न विचारावा, दुसऱ्याने उत्तर व खूण दोन्ही द्यावी, नंतर भूमिका बदलाव्या.

३. गोष्ट सांगताना मध्येच थांबून ‘पुढे काय होईल? कशावरून?’ असे विचारावे. गोष्ट संपल्यावर कोणाचे अनुमान खरे ठरले यापेक्षा कोणाचा आधार भक्कम होता, याचे कौतुक करावे.

४. लेखी उत्तरास ‘मला असे वाटते, कारण पाठात असे म्हटले आहे’ हा साचा प्रारंभी द्यावा. सवय झाल्यावर साचा आपोआप गळून पडतो.

५. घटक चाचणीत निदान एक प्रश्न असा असावा, की ज्याचे उत्तर कोणत्याही एका ओळीत नाही. मार्गदर्शक पुस्तकातील तयार उत्तर उतरविण्यास अशा प्रश्नामुळे वाव राहत नाही.

६. कोडी घालण्याची जुनी करमणूक वर्गात अवश्य आणावी. कोडे सोडविणे म्हणजे खुणांवरून वस्तू ओळखणे. मुले ते अभ्यास न समजता आनंदाने करतात.

शाळेबाहेरचे प्रयोजन

हे सर्व केवळ परीक्षेतील गुणांसाठी नाही. गावात सूचना लागते : ‘पुढील सूचना मिळेपर्यंत नळाचे पाणी उकळून प्यावे.’ पाणी आज निर्धोक नाही, आणि निर्धोक झाल्यावर तसे कळविले जाईल, या दोन गोष्टी त्या सूचनेत लिहिलेल्या नाहीत. ज्याला त्या वाचता येत नाहीत तो दोन दिवस पाणी उकळतो व तिसऱ्या दिवशी थांबतो. आणि त्याच्या घरातील तान्हे मूल आजारी पडते. मोबाइलवर निरोप येतो, की खाते बंद होणार आहे, ताबडतोब क्रमांक कळवा. अक्षरे वाचणारा घाबरून क्रमांक कळवितो. ज्याने शाळेत शंभर वेळा ‘कशावरून?’ ऐकले आहे, तो हातातील फोन खाली ठेवून प्रथम बँकेत चौकशी करतो.

अनेक घरांत शाळेत शिकणारे मूल हेच कागद वाचून दाखविणारे पहिले माणूस असते. आजी औषधाची चिठ्ठी त्याच्यापुढे धरते, वडील नोटिशीचा कागद देतात. त्या वेळी त्याने कागदावरील शब्द उच्चारून दाखविले एवढ्याने भागत नाही. कागद काय म्हणतो, ते त्याने घरच्यांस समजावून सांगितले पाहिजे. तेवढे सामर्थ्य त्याला चौथीच्या वर्गात मिळावे, यासाठी शिक्षकांस कोणतेही नवे साहित्य नको. फळा, खडू, सहा ओळींचा उतारा आणि उत्तर आल्यावर न चुकता विचारलेला एक प्रश्न, एवढे पुरेसे आहे.